बुकशेअर चार वर्षं वापरल्यावर: डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा हायस्कूल डिप्लोमा आणि आमचा अनुभव

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच. मुलगा यंदा जूनमध्ये हायस्कूल पास झाला, न्यू जर्सीचा रेग्युलर डिप्लोमा, आणि त्यात ज्या एका गोष्टीचा सगळ्यात मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं तिच्याबद्दल आपल्या मराठी आईबाबांना अजून फारसं माहीत नाही. मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. ती गोष्ट म्हणजे बुकशेअर. ऑनलाइन लायब्ररी आहे, पण नेहमीसारखी नाही. ज्यांना छापलेलं वाचता येत नाही किंवा वाचायला प्रचंड त्रास होतो अशांसाठीची, म्हणजे अंध लोक, कमी दिसणारे, हातात पुस्तक धरता न येणारे आणि डिस्लेक्सियावाले, म्हणजे बुद्धी नीट असूनही अक्षरं वाचताना अडणारे. दहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत, आणि अमेरिकेत शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना पूर्ण फुकट, कारण पैसे फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षण खातं देतं. फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला होता, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकते.

आमची गोष्ट थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय रिव्ह्यू कळणार नाही. आम्ही पुण्याहून इकडे आलो तेव्हा मुलगा पाचवीत होता. वाचताना अडखळायचा, ओळी गाळायचा, शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द मनानेच लावायचा. पुण्यातही तसंच होतं पण तिथे बाई म्हणायच्या मुलगा आहे, येईल हळूहळू. इकडे आल्यावर शाळेने म्हटलं इंग्लिश दुसरी भाषा आहे ना, थांबा, येईल. म्हणजे दोन्हीकडे "येईल" ऐकत आम्ही तीन वर्षं घालवली. सासूबाई म्हणायच्या लक्ष देत नाही, नवरा म्हणायचा गेम बंद करा, आणि मी रोज रात्री त्याच्या शेजारी बसून धडे वाचून दाखवायचे. सहावीपासून. सोशल स्टडीज, सायन्स, इंग्लिशची कादंबरी, सगळं माझ्या आवाजात. ऐकलं की त्याला सगळं कळायचं, प्रश्न असे विचारायचा की मीच गप्प व्हायचे, आणि तेच पान स्वतः वाच म्हटलं की डोळ्यात पाणी. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

सातवीच्या शेवटी एका मैत्रिणीने, ती इकडे स्पेशल एज्युकेशनमध्ये, म्हणजे अडचण असलेल्या मुलांच्या खास शिक्षणात, शिकवते, सांगितलं की तोंडी बोलू नकोस, तपासणीची लेखी मागणी कर. तर हे लक्षात ठेवा, न्यू जर्सीत लेखी मागणी गेली की शाळेला २० दिवसांत मीटिंग घ्यावी लागते, आणि तपासणी करायची ठरून तुम्ही सही दिलीत की ९० दिवसांत तपासणी, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर आयईपी, म्हणजे त्या मुलाला शाळेने काय मदत द्यायची याचा लेखी प्लॅन, सुरू होणं, सगळं व्हायला लागतं. चाइल्ड स्टडी टीम असते, त्यात स्कूल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि लर्निंग डिसेबिलिटी टीचर कन्सल्टंट. आणि इंग्लिश दुसरी भाषा आहे म्हणून थांबा हे जे आम्हाला सांगितलं गेलं त्याबद्दल, कायदा असं सांगतो की इंग्लिश कमी येतं हे मुख्य कारण असेल तर डिसेबिलिटी ठरवू नका, पण इंग्लिश दुसरी भाषा आहे म्हणून तपासूच नका असं कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या मुलाला तर मराठीतही तोच त्रास होता, फक्त मराठी जसं लिहितो तसंच वाचतो म्हणून तो कसाबसा निभावायचा, इंग्लिशमध्ये एकच स्पेलिंग दहा तऱ्हेने उच्चारतात तिथे सगळं उघडं पडलं. हे मी तपासणी करणाऱ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन उचलून लिहून घेतलं. तुमच्याही मुलाला आपल्या भाषेत वाचताना काय व्हायचं ते नक्की सांगा.

निदान आलं, स्पेसिफिक लर्निंग डिसेबिलिटी, म्हणजे वाचणं, लिहिणं किंवा गणित यातलं काहीतरी ठराविक अडणं, डिस्लेक्सिया त्यातच येतो. स्पेशल एज्युकेशनमध्ये असलेल्या मुलांमध्ये हाच गट देशात सगळ्यात मोठा आहे, जवळजवळ तीनातलं एक मूल. डिस्लेक्सिया हा शब्द लिहायला शाळा कधीकधी कां कू करतात पण २०१५ साली फेडरल शिक्षण खात्याने पत्र काढून स्पष्ट केलंय की आयईपीत डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया (गणितातली अडचण), डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) हे शब्द वापरायला कसलीही मनाई नाही. आम्ही लिहून घेतला. मुलाला स्वतःला त्या शब्दाचा फार आधार वाटला, म्हणाला म्हणजे मी ढ नाहीये. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले त्या दिवशी.

आता नववी. इकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी आणि नववीपासून सगळं क्रेडिटवर, म्हणजे प्रत्येक विषय पास झाल्यावर जमा होणाऱ्या गुणांवर, चालतं. न्यू जर्सीत डिप्लोमाला कमीत कमी १२० क्रेडिट लागतात, त्यात इंग्लिश २०, गणित १५, सायन्स १५, सोशल स्टडीज १५ आणि त्यातले १० अमेरिकेच्या इतिहासाचे, वर्ल्ड लँग्वेज ५, कला ५, करिअर किंवा टेक्निकल ५, फायनान्शियल लिटरसी अडीच, आणि पीई म्हणजे शारीरिक शिक्षण दरवर्षी. कागदावर हे बघितलं की वाटतं विषय खूप आहेत. पण मी एका रात्री वही घेऊन बसले आणि प्रत्येक विषयासमोर लिहिलं की यात मुलाला नेमकं काय अडतं. गणितात समीकरण अडत नव्हतं, शब्दांची उदाहरणं अडत होती. बायोलॉजीत पेशी कळत होती, चाळीस पानांचा धडा अडत होता. इतिहासात तर तो वर्गात सगळ्यात जास्त बोलायचा आणि चॅप्टर टेस्टमध्ये नापास व्हायचा. म्हणजे १२० पैकी बहुतेक क्रेडिट्सच्या वाटेवर एकच दगड होता, छापलेलं पान. आणि तो दगड रोज रात्री मी माझ्या घशाने बाजूला करत होते. नववीच्या ऑक्टोबरमध्ये माझा आवाज बसला, खरोखर बसला, डॉक्टरांनी दोन आठवडे बोलू नका सांगितलं, आणि त्या दोन आठवड्यांत मुलाच्या चार असाइनमेंट राहिल्या. तेव्हा आम्ही जागे झालो की हे असं बारावीपर्यंत चालणार नाही आणि कॉलेजात तर मुळीच नाही.

त्याच वेळी शाळेत मीटिंग झाली आणि तिथे आम्हाला सुचवलं गेलं की याला झेपत नाहीये, इतिहास आणि बायोलॉजी सोप्या वर्गात टाकू, अभ्यासक्रम कमी करू. बोलणाऱ्या बाई वाईट नव्हत्या, त्यांना खरंच वाटत होतं की मुलाचा ताण कमी होईल. पण इथे दोन शब्द आहेत जे प्रत्येक आईबापाने पाठ करावेत असं मला वाटतं, अकॉमडेशन आणि मॉडिफिकेशन. मी सासूबाईंना समजावलं ते असं, अकॉमडेशन म्हणजे तीच भाकरी दुधात कुस्करून देणं, आणि मॉडिफिकेशन म्हणजे भाकरीच्या जागी पेज देणं. काही मुलांना पेजच लागते, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्याला फक्त चावायला त्रास आहे त्याला तुम्ही चार वर्षं पेजेवर ठेवलं तर तो अशक्त होणारच. आमचा मुलगा ऐकून सगळं समजत होता, त्याला कमी अभ्यासक्रम नको होता, तोच अभ्यासक्रम कानाने हवा होता. मी मीटिंगमध्ये एवढंच विचारलं की याला हीच पुस्तकं ऐकायला मिळाली तर? तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या एलडी टीचर, म्हणजे टीममधल्या लर्निंग डिसेबिलिटीच्या टीचर, म्हणाल्या बुकशेअर आहे की, याला कुणी दिलं नाही का? नव्हतं दिलं कुणी.

सुरुवात कशी होते ते सांगते. मेंबर होण्यासाठी वाचनाची डिसेबिलिटी आहे हे कुणा जाणकाराने सही करून सांगावं लागतं. डॉक्टरच पाहिजे असं नाही, शाळेतल्या स्पेशल एज्युकेशन टीचर किंवा सायकॉलॉजिस्टची सही चालते. हे कशासाठी तर कॉपीराइट कायद्यात १९९६ साली एक दुरुस्ती झाली, चेफी अमेंडमेंट म्हणतात, तिच्यामुळे अशा वाचकांसाठी प्रकाशकाची वेगळी परवानगी न घेता पुस्तक दुसऱ्या रूपात देता येतं, पण फक्त पात्र माणसालाच. म्हणून तो फॉर्म. म्हणून पुस्तक भावंडांना किंवा मित्राला पाठवायचं नाही, हे मुलाला नीट सांगा. चालवणारी संस्था बेनेटेक, कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था, २००२ सालापासून ही लायब्ररी चालू आहे.

मेंबरशिप दोन प्रकारची असते आणि दोन्ही घ्या असं मी सांगेन. एक शाळेची, त्यात टीचर मुलाचं नाव घालतात आणि पुस्तकं त्याच्या यादीत टाकतात. दुसरी मुलाची स्वतःची, त्यात तो स्वतः शोधून हवं ते घेऊ शकतो, १८ च्या खाली असेल तर पालकांची संमती लागते. शाळेची का महत्त्वाची तर पाठ्यपुस्तकांसाठी. प्रकाशकांनी शाळांसाठी दिलेल्या पाठ्यपुस्तकांच्या डिजिटल फाइल्स केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये एका राष्ट्रीय केंद्रात साठवलेल्या असतात, निमॅक म्हणतात त्याला, आणि त्या फाइल्सवरून बनलेलं पुस्तक शाळेच्या खात्यातूनच मिळतं, घरून तुम्ही कितीही शोधलंत तरी ते उतरवता येत नाही. आम्ही आधी फक्त घरचं खातं उघडलं होतं आणि इतिहासाचं पुस्तक का मिळत नाही म्हणून आठवडाभर डोकं खाजवत होतो. एलडी टीचरनी शाळेच्या खात्यातून दहा मिनिटांत दिलं.

वापरायला कसं आहे? ब्राउझरमध्येच रीडर उघडतो, काही इन्स्टॉल करायला नको. मशीनचा आवाज वाचत जातो आणि वाचला जाणारा शब्द रंगवला जातो, म्हणजे डोळा आणि कान एकत्र चालतात. अक्षरं मोठी करा, बॅकग्राउंडचा रंग बदला, वेग कमी जास्त करा. फाइल वर्ड, ईपब, ऑडिओ अशा वेगवेगळ्या रूपात उतरवता येते, फोनवर वेगळी रीडर ॲप्सही आहेत ज्यांना हे जोडता येतं. मुलगा पहिल्या आठवड्यात नेहमीपेक्षा हळू लावायचा, महिन्याने दीडपट, आता तो ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाने मला एक वाक्यही कळत नाही.

आवाज मशीनचा आहे हे आधी माहीत असलेलं बरं. माहितीच्या पुस्तकाला काही अडचण नाही, उलट बायोलॉजीतले लांबलचक शब्द तो न अडखळता म्हणतो आणि मुलाच्या कानावर बरोबर उच्चार पडतो, पेपरात तोच शब्द दिसला की ओळखीचा वाटतो. पण कादंबरीला माणसाचा आवाज हवा असं आमच्या मुलाचं ठाम मत. त्यासाठी लर्निंग ॲली आहे. तिची सुरुवात १९४८ सालची, दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना कॉलेजची पुस्तकं ऐकता यावीत म्हणून न्यूयॉर्कमध्ये ॲन मॅकडोनाल्ड या बाईंनी ती सुरू केली, तेव्हा स्वयंसेवक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. आता तिच्यात डिस्लेक्सियाची मुलंही आहेत. तिथे माणसं वाचतात, त्यामुळे गोष्टीत जीव येतो. घरून घेतली तर वर्षाची फी पडते, पण कितीतरी शाळा स्वतःच वर्गणी भरतात, आधी शाळेत विचारा मगच कार्ड काढा. आम्ही इंग्लिशच्या २० क्रेडिटना बहुतेक लर्निंग ॲली आणि बाकी सगळ्याला बुकशेअर असं वाटून घेतलं.

गणिताबद्दल स्पष्ट सांगते, याच्या भरवशावर राहू नका. शब्दांची उदाहरणं ऐकायला उपयोग आहे पण सूत्रं, आकृत्या, ग्राफ कानाने नाही समजत, मशीनचा आवाज अपूर्णांक वाचायला लागला की कुणाचाही गोंधळ उडेल. गणिताला आम्ही वेगळी अकॉमडेशन घेतली, दीडपट वेळ, सूत्रांचा कागद, कॅल्क्युलेटर. आणि दुसरी गोष्ट, हे वाचायला शिकवत नाही. ते काम वेगळं आहे, त्यासाठी ध्वनी आणि अक्षर यांची पायरीपायरीने बांधणी करणारं शिक्षण लागतं, ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत वगैरे, आणि ते आयईपीत मागायचं असतं. आम्ही मध्ये एका खाजगी ट्यूशन सेंटरला आठवड्याला दोन तास पाठवत होतो, तासाला ८० डॉलर, सहा महिने. तिथे काय केलं तर त्याच वर्कशीट पुन्हा पुन्हा. जे पान वाचता येत नाही तेच पान दहावेळा दिलं. मुलाचा आत्मविश्वास तिथे जेवढा खाली गेला तेवढा शाळेत कधीच गेला नाही. पैसे देण्याआधी विचारा की शिकवणाऱ्याचं डिस्लेक्सियाचं ट्रेनिंग कुठलं आहे, उत्तर गोलमोल आलं तर परत फिरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला एका चुकीतून कळलं. नुसतं खातं उघडून चालत नाही, ते आयईपीत लिहिलेलं पाहिजे. दहावीत एका नव्या सरांनी मुलाला इयरफोन काढायला लावले, म्हणाले वर्गात सगळे वाचतायत तर तूही वाच, ऐकणं म्हणजे शॉर्टकट आहे. मुलगा काही बोलला नाही, घरीही सांगितलं नाही, तीन आठवडे तो पुस्तक उघडून नुसता बसून राहिला. मला मार्क खाली आल्यावर कळलं. आयईपीत आमच्या लिहिलं होतं "ऑडिओ मटेरियल आवश्यकतेनुसार", आणि आवश्यकता कुणी ठरवायची? सरांनी ठरवली. पुढच्या मीटिंगमध्ये आम्ही वाक्य बदलून घेतलं, सगळ्या विषयांत, वर्गात आणि घरी, सर्व वाचनासाठी टेक्स्ट टू स्पीच (मशीनने वाचून दाखवणं) किंवा ऑडिओ, आणि पुस्तकं वर्ष सुरू होण्याआधी उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कुणाची तेही नावानिशी. जूनमध्येच पुढच्या वर्षीची पुस्तकांची यादी मागायची, एखादं लायब्ररीत नसेल तर बुकशेअरला विनंती करता येते पण स्कॅन करून यायला वेळ लागतो, सप्टेंबरात विनंती केली तर पुस्तक येईपर्यंत पहिलं युनिट संपलेलं असतं.

परीक्षेलाही हाच कागद कामाला येतो. अकरावीत न्यू जर्सीची ग्रॅज्युएशनची परीक्षा असते, इंग्लिश आणि गणित. गणिताचा पेपर मशीनने वाचून दाखवणं तुलनेने सोपं असतं, पण इंग्लिशचे उतारे वाचून दाखवायचे असतील तर ते आयईपीत असायलाच हवं आणि मूल वर्षभर तेच वापरत असायला हवं, परीक्षेच्या आदल्या महिन्यात आठवून चालत नाही. मुलगा नववीपासून वापरत होता म्हणून प्रश्नच आला नाही. आणि ज्यांची मुलं या परीक्षेत अडकली आहेत त्यांनी घाबरून जाऊ नका, दुसऱ्या ठराविक परीक्षांचे मार्क, पोर्टफोलिओ असे मार्ग आहेत आणि आयईपीच्या मुलांसाठी टीम वेगळी सोयही लिहू शकते. एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची असेल तर ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, शाळेचा आयईपी आपोआप तिकडे जात नाही, आणि उत्तर यायला सात आठवडे लागू शकतात.

वर्ल्ड लँग्वेजचे ५ क्रेडिट आम्हाला सगळ्यात भीतीचे वाटत होते, इंग्लिशच वाचता येत नाही तिथे स्पॅनिश कुठे वाचणार. पण नियमात वर्ग करा किंवा भाषा येते हे दाखवा असं आहे. आमच्या शाळेने मराठीवर ते मान्य केलं. रविवारच्या मराठी शाळेत लहानपणी आम्ही त्याला ओढत नेत होतो, त्याचं असं चीज होईल वाटलं नव्हतं. तुमच्या शाळेत गायडन्स काउन्सिलरला नववीतच विचारून ठेवा.

ऐकणं म्हणजे शॉर्टकट हे वाक्य मला फार लागलं होतं म्हणून त्यावर थोडं लिहिते. आपल्याकडे तरी हे कुणी म्हणू नये. माझी आजी एक दिवस शाळेत गेली नव्हती, तिला पूर्ण हरिपाठ पाठ होता, कितीतरी अभंग पाठ होते, अर्थ सांगायची, वाद घालायची. सगळं कीर्तनात बसून, ऐकून. तिला कुणी अडाणी म्हटलं असतं तर गावाने त्याला उभं केलं नसतं. मग माझ्या मुलाने इतिहासाचं पुस्तक ऐकून निबंध लिहिला तर तो खोटा कसा? निबंधही तो बोलून टाइप करतो, विचार त्याचेच असतात, पुरावे तोच शोधतो. त्या सरांना मी हे सगळं नीट पत्रात लिहून पाठवलं, भांडण म्हणून नाही. त्यांनी वर्षाच्या शेवटी मुलाला स्वतः सांगितलं की तुझा निबंध मी पुढच्या वर्गाला वाचून दाखवणार आहे.

दुसऱ्या राज्यात असाल तर आकडे वेगळे असतील, क्रेडिट वेगळे, परीक्षा वेगळ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून डिप्लोमासाठी राज्याची परीक्षा पास व्हायची अटच काढली. टेक्सासात आयईपीच्या मीटिंगला एआरडी म्हणतात. पण एक गोष्ट सगळीकडे बघा, मुलाला मिळणार आहे तो रेग्युलर डिप्लोमा आहे की सर्टिफिकेट ऑफ कम्प्लिशन. नावं दोन्ही गोड वाटतात, स्टेजवर गाऊनही दोघांना तोच, पण सर्टिफिकेट हा डिप्लोमा नाही, कॉलेजच्या फेडरल आर्थिक मदतीला नुसतं ते चालत नाही. आणि उलट बाजूही माहीत असू दे, रेग्युलर डिप्लोमा घेतला की शाळेची स्पेशल एज्युकेशनची जबाबदारी तिथे संपते, नाहीतर न्यू जर्सीत मूल २१ वर्षांचं होतं ते शाळेचं वर्ष संपेपर्यंत हक्क असतो. म्हणून ज्या मुलाची तयारी अजून व्हायची आहे त्याला घाईने डिप्लोमा देऊन बाहेर काढू देऊ नका. न्यू जर्सीत १४ व्या वर्षापासून आयईपीत पुढचं प्लॅनिंग सुरू व्हायला लागतं, फेडरल कायद्यात १६ आहे. त्या मीटिंगला मुलाला बसवा. आमचा पहिल्यांदा दाराकडे बघत बसला होता, बारावीत त्याने स्वतः सांगितलं मला काय चालतं आणि काय नाही.

बुकशेअरला माझ्याकडून पाचातले पाच. लर्निंग ॲलीला पण पाच, फक्त आधी शाळेकडून मागा. ट्यूशन सेंटरला काही देत नाही. शाळेला काय द्यावं मला खरंच ठरवता येत नाही, तिथेच आम्ही अडलो आणि तिथल्याच टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी सोडवलं.

एक रात्र मात्र लिहायची आहे. नववीचाच नोव्हेंबर, खातं सुरू होऊन आठवडा झाला असेल. मी सवयीने नऊ वाजता त्याच्या खोलीत गेले, घसा अजून बसलेलाच होता, खुर्ची ओढली. त्याने एका कानातला इयरफोन काढला आणि म्हणाला आई मी तिसऱ्या सेक्शनवर आहे, तू झोप. मी बाहेर येऊन सोफ्यावर बसून राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा नऊ वाजता मला काही काम नव्हतं.

आता तो कम्युनिटी कॉलेजात आहे. कॉलेजात आयईपी नसतो, तिथे दुसरे कायदे लागू होतात आणि मुलाने स्वतः जाऊन सांगावं लागतं, आईने फोन करून भागत नाही. शाळेने निघताना एक सारांश दिला होता, काय येतं, काय अडतं, कुठली मदत लागते असा, तो घेऊन तो एकटाच डिसेबिलिटी ऑफिसात गेला. पहिल्या सेमिस्टरची पाच पुस्तकं, चार त्याला बुकशेअरवर मिळाली, विद्यार्थी आहे तोवर ते फुकटच आहे. पाचव्यासाठी त्याने त्या ऑफिसला ईमेल केला. मला दाखवला पाठवून झाल्यावर.